तीनदा वाचणाऱ्या मेहरुन्निसा मॅडम

मेहरुन्निसा मॅडम आमच्या नर्सिंग स्कूलमध्ये रुजू झाल्या त्या पहिल्याच दिवशी ऑफिसातली सगळी साखर उकिरड्यावर गेली.

आमच्याकडे साखर ग्लुकोजच्या डब्यात असायची आणि चहापत्ती बिस्किटांच्या. कोणाच्या घरात नसतं असं? नव्या सिस्टर ट्यूटर आल्या म्हणून शंकर शिपायानं हौसेनं चहा टाकायला घेतला. मॅडम उठल्या, ग्लुकोजचा डबा उचलला आणि त्यावरचं नाव वाचलं. चमचा घालण्याआधी पुन्हा वाचलं. डबा खाली ठेवता ठेवता तिसऱ्यांदा वाचलं. मग शंकरला विचारलं, ह्यात काय आहे? शंकर म्हणाला, साखर. वर लिहिलंय काय? ग्लुकोज. "मंग हे साखरबी नाही आन् ग्लुकोजबी नाही," मॅडम म्हणाल्या. "ज्याच्या आंगावर सोताचं नाव नाही, ते फेकायचं." आणि डबा घेऊन मागच्या दारानं गेल्या. महिन्याची साखर होती, नुकतीच भरलेली. शंकर दारात उभा राहून बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या झाडून सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटलेल्या होत्या. शंकरनं रागाच्या भरात माठावरसुद्धा 'पाणी' असं लिहून ठेवलं. त्याला वाटलं, मॅडमना टोमणा लागेल. मॅडमनी ते वाचलं, ग्लास भरताना पुन्हा वाचलं, झाकण ठेवताना पुन्हा वाचलं आणि शंकरला शाबासकी दिली.

पुढं कळलं की हे खूळ त्यांचं एकटीचं नाही, नर्सिंगच्या पुस्तकातला नियमच आहे. बाटली कपाटातून उचलताना लेबल वाचायचं, औषध काढताना वाचायचं, बाटली परत ठेवताना वाचायचं. बाकीच्या ट्यूटर हा नियम वॉर्डात पाळायच्या आणि वॉर्डाबाहेर आल्या की ॲप्रनबरोबर खुंटीला टांगायच्या. मेहरुन्निसा मॅडमकडे ती खुंटीच नव्हती. त्या बसची पाटी चढताना वाचत, बसल्यावर खिडकीतून वाकून वाचत आणि उतरल्यावर मागं वळून पुन्हा वाचत. आपण आलो ती गाडी हीच होती ना, याची खात्री करून मगच चालू लागत.

मी त्या शाळेचा कारकून. माझं टेबल आणि पहिल्या वर्षाचा वर्ग यांच्यामध्ये प्लायवूडचं एक पार्टिशन होतं, तेही छतापर्यंत न पोचलेलं. त्यामुळे औषधशास्त्राचा अभ्यासक्रम मी दरवर्षी नव्यानं पूर्ण केला. परीक्षेला तेवढं कोणी बसवलं नाही.

मॅडम मूळच्या वणीच्या. वडील ट्रकचे मेकॅनिक. कोळशाच्या गाड्या दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. मॅडम उंच, सडसडीत, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. राहायच्या गावाबाहेर लोहाऱ्याला एका खोलीत, एकट्या. लग्न का केलं नाही, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. विचारलं असतं तर त्यांनी आधी विचारणाऱ्याचं पूर्ण नाव विचारलं असतं.

नाव हा त्यांचा दुसरा हट्ट. पोरींनी औषधाचं कंपनीनं ठेवलेलं नाव घेतलं की त्यांना खपत नसे. ते टोपणनाव. टोपणनाव घरी, वॉर्डात खरं नाव. "दुकानदार नाव बदलवते, गुन बदलत नाही," असं त्या म्हणायच्या. स्वतःचंही तसंच. एका नव्या ट्यूटरनं लाडानं त्यांना 'मेहरू मॅडम' म्हटलं, तर त्यांनी तिला पाटीवर पूर्ण नाव लिहून दाखवलं, वडिलांच्या नावासकट, आणि खाली रेघ मारली.

आता त्यांच्या शिकवण्याबद्दल सांगतो.

ती कापसाची वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं. लांबून पथकं यायची, पाहणी करायची, विश्रामगृहात जेवून परत जायची. भाव पडलेला, अळी माजलेली आणि अळीवर मारायला कृषी केंद्रात दर हंगामाला नवी बाटली. त्या बाटलीलाही आमच्याकडे औषधच म्हणतात. मॅडमचा पहिला तास तिथूनच सुरू व्हायचा. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, मारतात त्याला औषध म्हणायचं नाही, जी म्हणेल ती वर्गाबाहेर. त्या विषावरचा उतारा म्हणजे ॲट्रोपिन, ते पुस्तकात कुठंतरी मधल्या धड्यात होतं. मॅडम ते पहिल्या दिवशी घेत. पोरी वॉर्डात गेल्या की पहिली गाठ त्याच्याशीच पडणार होती.

औषध म्हणजे पाहुणा, ही त्यांची मूळ कल्पना. पाहुण्याबद्दल चार गोष्टी माहीत पाहिजेत. कोणत्या दारानं आला, कोणत्या खोलीत बसला, त्याची उस्तवार कोणी केली आणि कोणत्या दारानं गेला. तोंडानं येणारा पाहुणा उशिरा पोचतो, कारण त्याला आधी ओसरीवर सगळ्यांना भेटावं लागतं. शिरेतून येणारा थेट स्वयंपाकघरात घुसतो, म्हणून त्याच्यावर लक्ष जास्त. लिव्हर ही घरातली मोठी सून, येणाऱ्या प्रत्येकाचं तिलाच करावं लागतं. दारूड्याच्या घरातली ही सून आधीच थकलेली असते, तिथं पाहुणे कमी पाठवायचे. किडनी निरोप देते. "आन् कोनताच पाहुना एकटा येत नाही," मॅडम म्हणायच्या, "सोबत लेकरं घेऊन येते. लेकरं म्हणजे साइड इफेक्ट. पाहुन्याले पानी देल्लं, आता लेकरं काय करून राह्यले तेबी पाहाल का नाही?"

हे ऐकून पोरी हसायच्या. मॅडम मात्र हसत नसत. त्यांना त्यात विनोद केल्यासारखं वाटतच नव्हतं.

ॲट्रोपिन शिकवताना त्या खुर्चीचं उदाहरण द्यायच्या. शरीरात जागोजागी खुर्च्या मांडलेल्या आहेत. फवाऱ्याचं विष अंगात गेलं की एक निरोप्या मोकाट सुटतो आणि त्या खुर्च्यांवर येऊन बसतो. तो बसला की जिथं तिथं पाणी. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, अंगाला घाम, छातीत पाणी. ॲट्रोपिन काय करतं? आधी जाऊन खुर्ची अडवतं. "सोता काहीच करत नाही. फक्त बसून राह्यते आन् दुसऱ्याले बसू देत नाही. तुमी पाह्यले असन असे मानसं हापिसात." हे वाक्य दरवर्षी पार्टिशनच्या दिशेनं यायचं आणि वर्ग दरवर्षी हसायचा. पहिल्या वर्षी मला राग आला होता. पुढं पुढं ते वाक्य जवळ आलं की मी टायपिंग थांबवून वाट बघायला लागलो.

पण त्यांचं सगळ्यांत चांगलं वाक्य वेगळंच होतं. विष म्हणजे ओला दुष्काळ, त्या म्हणायच्या, आणि ॲट्रोपिन जास्त झालं की कोरडा. मग जीभ सुकते, कातडी तापते, चेहरा लाल होतो, बाहुल्या मोठ्या होतात, नाडी पळते आणि माणूस भलतंसलतं बोलायला लागतो. "नर्सचं काम म्हणजे मधातलं वरीस आननं. पानीबी बेतानं, ऊनबी बेतानं." आमच्या भागातल्या पोरींना याहून जास्त समजावून सांगायची गरज नव्हती.

पेशंटची ओळख पटवणं हा त्यांचा तिसरा आणि सगळ्यांत कडक विषय. 'तुम्ही अमुकच का?' असं पेशंटला कधी विचारायचं नाही. आमच्याकडची माणसं गरीब, सिस्टरला नाही कसं म्हणायचं म्हणून कशालाही 'हाव जी' म्हणतात. नाव त्याच्याच तोंडून आलं पाहिजे. खाटेच्या नंबरावर तर मुळीच जायचं नाही. याला कारण होतं. त्या काळात दिवसाचे कितीतरी तास वीज नसायची. पंखे बंद पडले की पेशंट आपापसात ठरवून खाटा बदलायचे. ज्याला जास्त उकडतं तो खिडकीपाशी, म्हातारा दारापाशी. एकदा दोन पोरींनी नंबर पाहून गोळ्या वाटल्या आणि पाय मोडलेल्या माणसाला रेच दिला. तो बिचारा प्लास्टरसकट दिवसभर कोणाकोणाचे खांदे शोधत होता. मॅडमनी त्या दोघींना भांडी द्यायला-उचलायला त्याच्याच दिमतीला ठेवलं.

शंकरच्या पोरीच्या लग्नात मॅडम आहेर द्यायला स्टेजवर चढल्या आणि नवरदेवाला म्हणाल्या, "नाव काय तुमचं?" नवरदेव आधीच घाबरलेला, गळ्यात हार, समोर कॅमेरा. त्याला काही सुचेना. बाजूचा मित्र सांगायला लागला तर मॅडमनी त्याला हातानं थांबवलं. शेवटी नवरदेवानं वडिलांच्या नावासकट नाव सांगितलं तेव्हा पाकीट त्याच्या हातात पडलं. मागं रांग लागली होती.

त्यांची ही सवय एकदाच मला हसू आणू शकली नाही. वडील आजारी म्हणून मॅडम रजेवर वणीला होत्या आणि एका कागदावर त्यांची सही हवी होती, म्हणून मी गेलो होतो. गॅरेजच्या मागं दोन खोल्यांचं घर. म्हातारबाबा अंगणात खाटेवर. त्यांना विस्मरण झालेलं. ते मॅडमना हाक मारत होते, "जुलेखा, चाय दे." जुलेखा म्हणजे मॅडमची आई, वारून बरीच वर्षं झालेली. मॅडम खाटेपाशी गेल्या, ताठ उभ्या राहिल्या आणि वॉर्डात सांगतात तशा सुरात म्हणाल्या, "अब्बा, मैं मेहरुन्निसा. अम्मी का इंतकाल हो गया. आज जुमेरात है. हम वणी में हैं." म्हातारबाबांचा चेहरा पडला. ते तोंडावर गमछा घेऊन रडायला लागले. थोड्या वेळानं ते सारं विसरले आणि पुन्हा जुलेखाला चहा मागितला. मॅडमनी पुन्हा दुरुस्त केलं. मी बसलो होतो तेवढ्या वेळात त्या म्हाताऱ्यानं आपल्या बायकोचं मरण पुन्हा पुन्हा नव्यानं ऐकलं. पुस्तकात तसंच लिहिलंय, असं मॅडम मला म्हणाल्या. भ्रमातल्या माणसाला वार, जागा आणि नाव सांगत राहायचं. मी सही घेतली आणि चहा न घेता निघालो. ते बाबा पुढं लवकरच गेले.

त्यानंतर मॅडम अधिकच कडक झाल्या, किंवा मला तसं वाटलं. दुपारच्या सुट्टीत त्या आपल्या खोलीचं दार लोटून घेत आणि एकट्याच जेवत. डब्याच्या झाकणावर चिठ्ठी असे: भेंडी, पोळी, आजची तारीख, दुपारी दोनच्या आत. डबा भरणाऱ्याही त्याच, उघडणाऱ्याही त्याच. पिशवीतून काढताना त्या ते वाचत, उघडताना वाचत, झाकण लावताना वाचत. आमच्याकडे दुपारी कोणी समोर दिसलं की 'जेवले का?' असं विचारायची रीत आहे. नमस्कारासारखंच ते. पण मॅडमना तेवढंही कोणी विचारत नसे. उत्तरादाखल वेळ, प्रमाण आणि मार्ग ऐकावा लागेल अशी धास्ती होती. खोटं कशाला बोलू, मीही विचारत नसे.

अशात तो फवारणीचा हंगाम आला. वॉर्ड भरून गेला. खाटांच्या मधल्या जागेत गाद्या पडल्या. पहिल्या वर्षाच्या पोरींनाही मदतीला पाठवलं. त्यात होती कोमल राठोड, दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरची. घरी बंजाऱ्यांची गोरबोली बोलणारी, वर्गात तोंडातून शब्द न काढणारी पोरगी. औषधांची नावं तिला पाठ होत नसत आणि मॅडमसमोर उभी राहिली की येत असलेलीही पळून जात. बापानं तिला एका अटीवर पाठवलं होतं. वर्ष बुडालं की परत यायचं आणि ठरवलेल्या घरी लग्न करून जायचं. फॉर्म भरताना हे त्यानं माझ्यासमोरच सांगितलं होतं, त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलं नव्हतं.

कोमलच्या वाट्याला मारोती आत्राम नावाचे एक बाबा आले. बोरी अरबकडचे, दुसऱ्याच्या वावरात रोजानं फवारणी करणारे. पाठीवरचा पंप गळका, सदरा पाठीला चिकटून दिवसभर ओला. बाबा वाचले, पण ॲट्रोपिनच्या इंजेक्शनांवर इंजेक्शनं द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी ते उठून बसायला लागले, सलाइनची नळी ओढायला लागले. सोबतचा शेजारी घाबरून व्हरांड्यात जाऊन बसला. ते सारखे 'सुमे, सुमे' म्हणून हाक मारत. सुमी त्यांची लेक, नवऱ्याबरोबर कामाला गुजरातकडे गेलेली. तिला निरोप गेला होता, पोचला की नाही ते कळत नव्हतं.

बाबा चादरीवरून कापूस वेचत होते. तिथं काही नव्हतं, पण बोटं बरोबर बोंडातून कापूस काढावा तशी चालत होती. वेचलेला कापूस टाकायला ते ओटी शोधत. वेचणीला बाया कमरेला लुगड्याची ओटी बांधतात, ती. ओटी सापडेना की चिडून नळीला हात घालत. कोमलनं आपल्या ॲप्रनची दोन टोकं धरून ओटी केली आणि पुढं धरली. बाबांनी त्यात कापूस टाकला, म्हणजे काहीच टाकलं नाही. "सुमे, लवकर लवकर हात चालव," ते म्हणाले. "हाव बाबा," कोमल म्हणाली. बाबा शांत झाले. सकाळभर दोघांनी वेचणी केली.

ड्यूटीवरच्या सिस्टरला दारातून दिसलं की पेशंट शांत आहे, पोरीशी बोलतो आहे. तिला साठ पेशंट सांभाळायचे होते. तिनं चार्टवर लिहिलं: शुद्धीवर, शांत. छोट्या डॉक्टरनं ते वाचून पुढचं इंजेक्शन चालू ठेवायला सांगितलं. ते भरलं जात असतानाच मेहरुन्निसा मॅडम राउंडला आल्या आणि त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "नाव काय बाबा तुमचं?"

"सुमे," बाबा म्हणाले, "ओटी भरली का?"

मॅडमनी त्यांच्या कपाळाला हात लावला, जीभ पाहिली, बॅटरी मारून बाहुल्या पाहिल्या, नाडी धरली. पूर्ण कोरडा दुष्काळ. त्यांनी भरलेली सिरिंज बाजूला ठेवायला लावली आणि डॉक्टरला बोलावून घेतलं. इंजेक्शन थांबलं. बाबांना काही झालं नाही. मग मॅडम कोमलकडे वळल्या. वॉर्ड ऐकत होता. "तो बडबडते हे त्याचं लक्षन हाय," त्या म्हणाल्या. "तुनं ते पदराखाली झाकलं. अजून एक सुई गेली असती तं?"

कोमल रडली नाही. ॲप्रनची टोकं तिच्या हातात तशीच धरलेली होती, असं म्हणतात.

लक्षण लपवणाऱ्या विद्यार्थिनीला वॉर्डातून काढायचं आणि वर्ष रद्द करायचं असा शाळेचा नियम होता, आणि प्रिन्सिपल बाईंना नियम आवडायचा. मेमो टाइप करायला माझ्याकडे आला. मॅडमनीच मजकूर सांगितला, दोनच ओळी, एकही शब्द खोटा नाही. सही दुपारी करते म्हणाल्या, आधी पेशंट बघते. मी टाइप केला. त्या पोरीच्या बापाची अट मला आठवत होती, पण कारकुनानं मजकुरात बदल करायचा नसतो. मला वाईट वाटलं, एवढंच करता आलं.

दुपार झाली तरी मॅडम परतल्या नाहीत. प्रिन्सिपल बाई सहीसाठी घाई करायला लागल्या, तेव्हा मेमो घेऊन मीच वॉर्डात गेलो. वीज गेलेली होती. खाटा सरकवून सगळे खिडक्यांकडे झालेले. आत्राम बाबा कुठल्या खाटेवर आहेत ते शोधावं लागलं.

मॅडम त्यांच्याजवळ स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी आपला पांढरा ॲप्रन मांडीवर पसरून दोन्ही टोकं वर धरली होती. बाबा चादरीवरून वेचत होते आणि त्यात टाकत होते. पलीकडे कोमल चार्ट घेऊन उभी होती. मला वाटलं, मी भलत्याच बाईला बघतोय.

"सुमे," बाबा मधेच थांबून म्हणाले, "जेवली का व पोरी?"

आता मॅडम वार सांगतील, दवाखान्याचं नाव सांगतील, वडिलांच्या नावासकट स्वतःचं नाव सांगतील, असं मला वाटलं. मी खरोखरच वाट बघत होतो.

"नाही बाबा," त्या म्हणाल्या. "आजून नाही."

"मंग जेऊन घे न."

"हाव. येवढी ओळ झाली का जेवतो."

बाबांचं समाधान झालं आणि ते पुढच्या बोंडाला लागले. मॅडमनी मान न वळवता कोमलला सांगितलं, "टाइम टाक. लिही. पेशंट मले लेक समजून राह्यला, चादरीवरून कापूस वेचून राह्यला, हवेत हात नेऊन राह्यला. शब्द गाळू नोको." कोमल लिहायला लागली. "त्याले हाव म्हन्याले काही हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. "चार्टले खोटं सांगाचं नाही. हे मी तुमाले शिकवलंच नव्हतं."

मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. हातातला कागद त्यांनी ओळखला. त्या उठल्या नाहीत, ॲप्रन सोडता येत नव्हता. मला जवळ यायला सांगितलं आणि मी धरलेला कागद त्यांनी तसाच वाचला. आणि पुन्हा वाचला. आणि पुन्हा.

"दिवाकर भाऊ, याची मुदत संपली," त्या म्हणाल्या. "सकाळचा हाय हा."

मी म्हटलं, प्रिन्सिपल बाईंना काय सांगू? शिकवणारीनं अर्धंच शिकवलं होतं, तेव्हा मेमो माझ्या नावानं काढा, असं सांगा, त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता बोलल्या, "अब्बांले मी दर खेपी दुरुस्त केलं, भाऊ. तुमी होते न तवा. एक डाव हाव म्हनलं असतं तं काय बिघडत होतं?"

मी कागद घडी करून खिशात घातला. प्रिन्सिपल बाई थोडं बोलल्या, पण मॅडमच्या नावानं मेमो काढायची हिंमत त्यांनाही झाली नाही, आणि कोमलचं वर्ष वाचलं. पुढच्या परीक्षेत ॲट्रोपिनच्या प्रश्नाला तिनं पानं भरून उत्तर लिहिलं. बाकीच्या औषधांची नावं तिला तेव्हाही नीट येत नव्हती.

आत्राम बाबा बरे झाले. त्या दोन दिवसांतलं त्यांना काही आठवत नव्हतं. ॲट्रोपिन पुसून टाकतं ते सगळं, तेही मी पार्टिशनमधून ऐकलेलं आहे. मॅडमनी राउंडला नाव विचारलं तेव्हा त्यांनी नीट सांगितलं, मारोती लक्षुमन आत्राम. मॅडमनी मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. बाबांनी शेजाऱ्याला विचारलं, ह्या बाई कोण म्हणून.

दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी एक सही राहिली म्हणून बाबा शेजाऱ्याबरोबर आमच्या ऑफिसकडे आले. दुपारची वेळ. मॅडम पिशवीतून डबा काढून आपल्या खोलीकडे निघाल्या होत्या. व्हरांड्यात समोरासमोर आले. बाबांनी अदबीनं बाजूला होऊन वाट दिली आणि आमच्याकडे कोणीही कोणालाही विचारतं तसं विचारलं, "जेवल्या का जी, बाई?"

मॅडम थांबल्या.

"नाही बाबा," त्या म्हणाल्या. "आजून नाही."

"मंग जेऊन घ्या न," बाबा म्हणाले आणि सही कुठं करायची ते विचारत माझ्या टेबलापाशी आले. मी त्यांचा अंगठा घेतला, कागद दिला, ते गेले. मॅडम अजून व्हरांड्यातच होत्या. चष्मा लावून डब्यावरची चिठ्ठी वाचत होत्या. तिसऱ्यांदा वाचून झाली तरी त्यांनी डबा खाली घेतला नाही. मी उठलो, माझा डबा घेतला आणि त्यांना म्हटलं, मॅडम, चला, इथंच बसू. त्यांनी माझ्या डब्याचं झाकण पाहिलं. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"ह्यात काय हाय?" त्यांनी विचारलं.

बायकोनं काय भरलंय ते मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि खुर्ची ओढली.